करवलीला सगळ्यांच्या शेवटी नटवा

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मे महिन्यात नांदेडला तुमच्या धाकट्या दिराचं लग्न आहे, मुहूर्त दुपारी 12.35 चा. घरात तीन मुली: नणंदेची सात वर्षांची, तुमची पाच वर्षांची आणि जावेची अडीच वर्षांची. करवली कोणाला करायचं, नवरीच्या एंट्रीला पुढं फुलं टाकत चालायला तीच घ्यायची की दुसरी, आणि अंगावर काय घालायचं, असं तुम्ही विचारलंय. मी परभणीला नवरीचा मेकअप, साडी नेसवणं आणि लहान मुलींचं शिवणकाम करते, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

माझ्या मते नणंदेची मुलगी करवली, तुमची मुलगी फुलं टाकायला, आणि जावेचीला छान झबलं घालून आईच्या कडेवर राहू द्या. मात्र कोणतीही मुलगी घ्या, तिला सगळ्यांच्या शेवटी नटवा. निवड, कपडा, दागिना, फुलं, या सगळ्याचा हिशेब मी एकाच गोष्टीवर करते: लेकरू त्या पोशाखात किती वेळ राहणार आहे.

पत्रिकेवर 12.35 छापलंय, पण आपल्याकडची लग्नं तुम्ही पाहताच. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीला जाऊन येणार, डीजेपुढची पोरं जागची हलणार नाहीत. मग साहेब येणार, त्यांच्यामागं आजी-माजी सगळे येणार, प्रत्येकाला फेटा, शाल, श्रीफळ आणि माईकवर ‘शुभाशीर्वादपर दोन शब्द’. अक्षता पडायला दोन वाजले तरी कोणी दचकत नाही. मे महिन्यात नांदेड-परभणीचा पारा 42-43 ला टेकलेला असतो. नवरीचा मेकअप सकाळी सुरू होतो म्हणून ‘लगे हात हिचंही उरकून टाका’ असं म्हणत घरातल्या बाया लहान मुलीला आठ-नऊ वाजता माझ्यापुढं बसवतात. मी नाही म्हणते. आठला नटवलेलं लेकरू बाराला घामेजतं, एकला चिडतं, आणि जेव्हा खरं काम असतं तेव्हा कुणाच्या तरी मांडीवर झोपलेलं असतं.

आता निवड. चार वर्षांच्या आतली मुलगी चालेल की बसेल हे तिच्या आईलाही सांगता येत नाही. चार ते आठ हे बरं वय. त्यातही करवलीसाठी थोडी मोठी लागते, कारण तिला नुसतं चालायचं नसतं. नवरदेवामागं करा, म्हणजे पाण्यानं भरलेला तांब्या, घेऊन उभं राहायचं, मंगलाष्टकं संपेपर्यंत थांबायचं, नंतर कऱ्यातलं पाणी नवरदेवाच्या डोळ्यांना लावायचं. घरोघरी यात थोडाफार फरक असतो, तो तुमच्या आत्याबाईंना नाहीतर थेट गुरुजींना आधीच विचारून ठेवा. पितळी तांब्या, त्यात काठोकाठ पाणी, विड्याची पानं आणि वर नारळ, हे सगळं मिळून दोन किलोच्या आसपास जातं. सात वर्षांच्या मुलीचे हात पाचव्या मंगलाष्टकाला थरथरायला लागतात. म्हणून छोटा गडू घ्या, पाणी एक तृतीयांशच भरा, नारळही लहान घ्या आणि तो लाल दोऱ्यानं गडूच्या गळ्याशी बांधून टाका. शकुन तेवढाच होतो आणि नारळ गुरुजींच्या पायावर पडत नाही.

फुलं टाकणाऱ्या मुलीचं काम दोन मिनिटांचं, पण अंगावर हजार डोळे असतात. तिच्यासाठी मी दिसणं बघत नाही, स्वभाव बघते. पाहुणे आल्यावर आईच्या पदराआड जाते का? शाळेच्या गॅदरिंगमध्ये स्टेजवर उभी राहिली की रडली? लाजरी असेल तर जोडीला बहीण किंवा मावसभाऊ द्या. दोघं हात धरून चालली तर निम्मी भीती जाते. ‘तिच्यापेक्षा ही गोरी आहे, फोटोत चांगली दिसेल’ हे वाक्य मला दर सीझनला ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा ते त्या सावळ्या मुलीच्या देखतच बोललेलं असतं. मुली सगळं ऐकतात.

याहून वाईट एक प्रकार आहे, आणि तो अजून पुष्कळ घरांत चालतो. ज्या मुलीचे वडील वारलेत तिच्या हातात करा द्यायचा नाही. कोणी उघड बोलत नाही, नुसतं ‘दुसरी कोणी आहे का बघा’ म्हणतात. कर्जापायी, अपघातापायी बाप गेलेली लेकरं आपल्या भागात थोडीथोडकी नाहीत. त्यांना भर मांडवात मागं सारायचं कोणत्या तोंडानं? मी कामाला गेलेल्या घरात अशी मुलगी असली तर मी आपणहून तिचं नाव पुढं करते. आजवर कुणा नवरीनं नकार दिलेला नाही. कुरकुर झाली तर ती म्हाताऱ्या-कोताऱ्यांकडून. तुमच्याकडं असा प्रश्न नाही, पण वाचणाऱ्यांत कुणाकडं असेल.

मानपानाचं म्हणाल, तर आपल्याकडं करवलीचा मान नवरदेवाच्या बहिणीकडं जातो, म्हणून नणंदेच्या मुलीला घेतलं की वाद मिटतो. तुमच्या मुलीला फुलांचं काम दिलं की जाऊबाईही काही बोलणार नाहीत. फक्त एक करा, नवरीकडच्या लोकांना आठ दिवस आधी फोन करा. एंट्री त्यांची मुलगी करणार आहे, पुढं त्यांच्याच भाचीला चालवायचं असं त्यांनी ठरवलेलं असू शकतं. तसं असेल तर दोन्हीकडची एक-एक मुलगी जोडीनं चालवा. हे ऐन वेळी स्टेजच्या पायऱ्यांशी ठरवायला गेलं की भांडण होतं.

नवरीपुढं फुलं टाकत चालणं हे आपल्या विधीतलं नाही, गुरुजींचा त्याच्याशी संबंध नाही. ख्रिस्ती लग्नांत ही पद्धत आहे. जालना, संभाजीनगरच्या ख्रिस्ती घरांतून मुलींसाठी पांढऱ्या फ्रॉकची शिलाई माझ्याकडं येते. तिथं मुलगी चर्चमध्ये नवरीच्या पुढं चालते, आणि पाकळ्या टाकू देणार की नाही हे पाळकांना विचारूनच ठरवावं लागतं. आपल्याकडं ते कार्यालयातल्या एंट्रीपुरतं आलंय, तर तेवढ्यापुरतंच ठेवा. अक्षतांच्या वेळी लहान मुलीला स्टेजच्या पुढच्या काठावर उभं करू नका. आपल्या भागात अक्षता बऱ्याचदा ज्वारीच्या असतात, आणि मागच्या रांगेतून जोरात भिरकावलेली ज्वारी डोळ्याला चांगलीच लागते. करवलीलाही नवरदेवाच्या पाठीशी अगदी चिकटून उभी करा.

आता कपड्याकडं येते, कारण सगळ्यात जास्त पैसे इथंच वाया जातात. दुकानात गेलं की नेटचा, खाली कॅनकॅन, म्हणजे घेर फुगवणारी कडक जाळी, लावलेला, वर टिकल्यांचं काम केलेला गाऊन पुढं टाकतात. पुतळ्याच्या अंगावर तो सुंदर दिसतो. तुम्ही तो उलटा करून त्याच्या आतून तळहात फिरवा. टिकल्यांच्या टाक्यांच्या गाठी, नायलॉनच्या दोऱ्याची टोकं, कमरेला कॅनकॅनची खरबरीत शिलाई, हे सगळं मुलीच्या उघड्या कातडीवर येतं. तासाभरात कमरेभोवती लाल पट्टा उठतो. घ्यायचाच असेल तर आत मलमलचं पूर्ण अस्तर लावून घ्या. कोणताही शिंपी हे करून देतो. जाळीदार सिंथेटिक कापडाबद्दल आणखी एक भीती आहे, ती पुढं सांगते.

मी स्वतः खणाचा परकर-पोलकं सुचवते. खण दिसायला भारी, वजनाला हलका, आणि लग्न झाल्यावर पंचमीला, गौरींना पुन्हा वापरता येतो. खणाचा पन्हा लहान असतो, म्हणून कापड अंदाजानं आणू नका, शिवणारीला विचारून आणा. पाच वर्षांच्या मुलीच्या परकराची उंची साधारण 22 ते 24 इंच भरते, पण माप अंगावरच घ्यायचं आणि घोट्याच्या दोन बोटं वर थांबायचं. जमिनीला टेकणारा परकर पायऱ्या चढताना पायात येतो. खाली तीन इंचांची दुमड आत सोडा, पुढच्या वर्षी उसवून लांब करता येते.

आणि परकर नुसत्या नाडीवर ठेवू नका. या वयाच्या मुलींना कंबर नसते, नुसतं पोट असतं. नाडी सैल बांधली तर परकर घसरतो, घट्ट बांधली तर जेवण जात नाही. मी आतून बिनबाह्यांची सुती बंडी शिवते आणि परकर त्या बंडीलाच जोडते, म्हणजे सगळं वजन खांद्यावर येतं. वरून पोलकं घातलं की काही दिसत नाही. पोलक्याला पाठीमागं टिचबटणं ठेवा. हुक टोचतात आणि बारीक चेन मुलीच्या केसात अडकते. परकराच्या आतल्या बाजूला एक छोटा खिसा शिवून त्यात दोन मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, एक आईचा आणि एक मामाचा. दीड हजार माणसांच्या लग्नात लेकरू हरवायला वेळ लागत नाही.

शिवलेली नऊवारी सगळ्यांनाच आवडते, मलाही आवडते. पण ‘शू आली’ असं मुलगी म्हणाली की ती पूर्ण उतरवावी लागते, आणि लेकरं हे शेवटच्या क्षणीच सांगतात. करवलीला नेसवायची हौस असेल तर शिवतानाच विचारा की काष्टा न सोडता खाली घेता येईल असं इलॅस्टिक टाकता येईल का. पाच वर्षांच्या मुलीला मी नऊवारी देत नाही.

आजीची जुनी पैठणी कापून मुलीचा घागरा शिवा, असं सांगणारे व्हिडिओ फिरतात. खऱ्या जरीची, पैठणची हातमागाची असेल तर कात्री लावू नका हो. दोन वर्षांत मुलगी त्या घागऱ्यात मावणार नाही आणि साडी कायमची गेली. साध्या सेमी पैठणीचे काठ मिळतात, ते खणाला किंवा सुती सिल्कला लावा, दिसायला काही कमी पडत नाही. जोडीला भाऊ चालणार असेल तर त्याला संभाजीनगरच्या हिमरूचं जाकीट शिवा, छान खुलतं.

पायात नवी मोजडी नको. घ्यायचीच असेल तर आठवडाभर घरात घालून फिरू द्या आणि तळवा खडबडीत आहे का बघा. नुसत्या चामड्याचा तळवा पाकळ्यांवर सटकतो. स्टेजवर तसंही अनवाणीच जायचं. लॉनवरचं लग्न असेल तर मात्र भर दुपारी गालिच्यावर आधी स्वतःचा पाय ठेवून बघा, उन्हात तो तव्यासारखा तापतो.

दागिन्यांत खोटे मोती, हलकी ठुशी आणि बांगड्या, बस. खरं सोनं लहान मुलीच्या अंगावर अजिबात नको. कार्यालयातली गर्दी पाहुण्यांचीच असते असं नाही. नथ दाबाची असेल तर दहा मिनिटांत काढून फेकते, म्हणून ती फोटोपुरती. कान टोचायचे राहिले असतील तर लग्नाच्या तोंडावर टोचू नका, जखम भरायला दीड-दोन महिने लागतात. अडीच वर्षांच्या मुलीला मोत्यांची माळ देऊच नका. दोरा तुटला की मणी थेट तोंडात जातो.

मेकअप म्हणजे थोडी पावडर आणि ओठांना साधं लिप बाम. काही काजळांत आणि सुरम्यांत शिसं सापडलेलं आहे, त्यामुळे डोळ्यांच्या आत काजळ घालायला मी नकार देते. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायची तर कानामागं लावा. मेंदी हिरवी, पानांची, एक दिवस आधी काढा. दोन तासांत काळीभोर रंगते म्हणून विकतात त्या ‘काळ्या मेंदी’त केसांच्या डायमधलं रसायन असतं, त्यानं फोड येतात आणि कधीकधी डाग राहतात. चिकट टिकलीनं खाज सुटत असेल तर ओलं कुंकू लावा. खोपा घालायला खोटे केस लावू नका, मान दुखते. असलेल्या केसांची घट्ट वेणी आणि वर छोटा गजरा पुरे. गजरा केसांच्या काट्यांनी नको, वेणीत ओवून बांधा. खाली वाकलं की काटा टोचतो.

फुलांसाठी टोपली नवी घ्या. घरात तुळजापूरच्या आईची परडी असेल तर ती हौसेनं उचलू नका. जोगव्याची परडी लग्नात फिरवलेली घरातल्या मोठ्यांना चालणार नाही. बांबूची छोटी दुरडी बघा, तिच्या कडेला वर निघालेले काटे असतील तर खणाची पट्टी शिवून झाका. देशी गुलाबाच्या पाकळ्या पाव किलो आणल्या तर एका मुलीला पुरून उरतात. त्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, घाम धरतात आणि काळ्या पडतात. ओल्या सुती फडक्यात सैल गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात ठेवा, बाजूला बर्फाची बंद बाटली, आणि चालायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढा. झेंडूच्या पाकळ्या उन्हाला टिकतात, पण पायाखाली चिरडल्या की नवरीच्या शालूच्या काठाला पिवळे डाग पडतात. टोपली अर्धीच भरा. भरलेली टोपली दिसली की मुली पहिल्याच पावलाला सगळी ओतून मोकळ्या होतात.

मघाशी कापडाचं म्हणाले ते आता. हल्ली एंट्रीला दोन्ही बाजूंनी ठिणग्यांचे फवारे उडवतात, त्याला ‘कोल्ड पायरो’ म्हणतात. नाव थंड असलं तरी त्या ठिणग्या थंड नसतात, आणि नेटचं नायलॉन पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. दुसरं म्हणजे जमिनीवर पसरणारा धूर. कोरड्या बर्फाचा असेल तर तो कार्बन डायऑक्साइड असतो, हवेपेक्षा जड. तो खालीच साचतो, आणि खाली कोण चालतंय? पाच वर्षांची मुलगी. मोठ्यांच्या नाकापर्यंत तो येतही नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. बंद हॉलमध्ये तर नकोच. इव्हेंटवाल्याला आधीच स्पष्ट सांगा: मुली चालतील तेव्हा धूर आणि फवारे बंद, मुली बाजूला झाल्या की नवरीसाठी काय करायचं ते करा, तेही तिच्या साडीपासून अंतर ठेवून. डीजेचा स्पीकर ज्या बाजूला आहे त्याच्या उलट बाजूनं मुलीला उभी करा. आणि फोटोग्राफरला सांगून ठेवा की मुलीचा चालण्याचा शॉट एकदाच. ‘बेटा, परत एकदा’ असं तीनदा झालं की चौथ्यांदा ती भोकाड पसरते.

सराव फार नको. घरात दोन-तीनदा खेळ म्हणून घ्या, तिनं रोजच्या कपड्यांत आणि एकदा त्या परकरात चालून बघितलं की झालं. ‘तीन पावलं, मग एक चिमूट’ एवढंच सांगा. पलीकडच्या टोकाला तिच्या लाडक्या माणसाला रंगीत रुमाल घेऊन उभं करा, ती त्याच्याकडं बघत चालते, गर्दीकडं बघत नाही. आजोबा या कामाला सगळ्यात उपयोगी, त्यांना त्या वेळी दुसरं काही कामही नसतं. ऐन वेळी अडून बसली तर रागावू नका, आमिषं दाखवू नका. कोणीतरी उचलून कडेवर घ्यायची, टोपली दुसऱ्या हातात, आणि चालायचं. तेही जमलं नाही तर नवरी एकटी येईल. तिचं लग्न अडत नाही.

त्या दिवशी सकाळी मुलींना आंघोळ घालून साध्या सुती फ्रॉकमध्ये ठेवा. साडेदहा-अकराला पोटभर वरण-भात, पंगतीची वाट बघायची नाही. शक्य असेल तर कार्यालयातल्या खोलीत कूलरपुढं तासभर झोप. पाणी, लिंबू सरबत सारखं चालू. एकाच माणसाकडं, म्हणजे मावशीकडं किंवा मोठ्या चुलतबहिणीकडं, फक्त या मुलींचं काम द्या. तुम्ही वहिनी आहात, तुम्हाला त्या दिवशी श्वास घ्यायला सवड मिळणार नाही. परण्या मारुतीवरून परत निघाल्याचा फोन आला की वेणी घाला. नवरदेव दारात ओवाळून घेत असताना परकर-पोलकं चढवा. साहेबांचं भाषण सुरू झालं की दागिने आणि गजरा. अक्षता पडल्या, घरच्यांचे चार फोटो झाले, की लगेच सगळं उतरवून पुन्हा सुती फ्रॉक. आहेराच्या रांगेत तीन वाजेपर्यंत तिला नटून उभं करायचं काही कारण नाही.

कापड मार्चअखेर शिवायला टाका. एप्रिलनंतर लग्नसराईत आमच्यापैकी कोणीही दिलेली तारीख पाळत नाही, मीसुद्धा नाही. शेवटचं फिटिंग लग्नाच्या आठ दिवस आधी घ्या, मुली महिन्याभरातही वाढतात. आणि शिलाई दोघींची एकाच रंगात करून घ्या. एकीचा जांभळा आणि एकीचा हिरवा झाला तर लग्नाच्या दिवशी दोघींनाही दुसरीचाच हवा असतो.